बालपणाची भूमी आणि हद्दपारीचा कायदा

भाषेच्या अभ्यासकांना एक गोष्ट नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. मनुष्य ज्या भाषेत मनातल्या मनात हिशेब करतो, संतापाच्या भरात ज्या भाषेत त्याच्या तोंडून शिवी निघते, ती भाषा त्याने स्वतः निवडलेली नसते. बालपणीच्या परिसराने ती त्याला दिलेली असते. तिच्यासमवेतच नात्यागोत्याची रीत, मानापमानाच्या कल्पना, गल्लीतील व शाळेतील व्यवहाराचे अलिखित नियम त्याच्या अंगवळणी पडतात. म्हणूनच लेखकाचा जन्म कोठे झाला यापेक्षा त्याचे बालपण कोठे गेले, या प्रश्नाकडे साहित्याचा अभ्यासक अधिक गांभीर्याने पाहतो.

हाच प्रश्न कायद्याच्या प्रांतात फार कठोर रूप धारण करतो. आईवडिलांबरोबर दोन-तीन वर्षांचे असताना परदेशी गेलेले मूल तेथेच वाढते, तेथील शाळेत शिकते, तेथील भाषा बोलते. परंतु त्या देशाचे नागरिकत्व काही ना काही कारणाने त्याच्या नावावर लागत नाही. पुढे तारुण्यात त्याच्या हातून अपराध घडतो. न्यायालय शिक्षा देते आणि तो ती भोगतो. तुरुंगातून सुटताना त्याच्याच बरोबरीच्या नागरिक अपराध्याला घराची वाट मोकळी असते. याच्या हाती मात्र हद्दपारीचा हुकूम पडतो. ज्या देशाचे पारपत्र त्याला लागू होते, त्या देशात त्याची रवानगी केली जाते. तेथील भाषा त्याला येते की नाही, तेथे त्याच्या ओळखीचे एक तरी माणूस आहे की नाही, हे प्रश्न पुष्कळदा दुय्यम ठरतात.

अशा निर्णयात बालपणीच्या वास्तव्याला किती मोल द्यावे, यासंबंधी गेल्या काही दशकांत युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथील न्यायालयांनी आणि विधिमंडळांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत. त्या उत्तरांत भेद असला तरी बहुतेकांची रीत एकच आहे. बालपण हे तराजूत टाकावयाच्या अनेक वजनांपैकी एक मानले जाते आणि दुसऱ्या पारड्यात अपराधाचे गांभीर्य ठेवले जाते. ही रीतच मुळात सदोष आहे. ज्याचे बालपण एखाद्या देशात कायदेशीरपणे गेले, त्याला अपराधाबद्दल तो देश शिक्षा करू शकेल. हद्दपार मात्र करू शकणार नाही, असा स्पष्ट नियम असणेच न्यायाला धरून होईल.

प्रथम शब्दाचा विचार करणे उपयुक्त ठरेल. मराठीत ‘हद्दपार’ आणि ‘तडीपार’ हे शब्द नित्याच्या व्यवहारात एकमेकांच्या जागी येतात. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ (आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम) याच्या ५५ ते ५७ या कलमांन्वये गुंडाला जिल्ह्याबाहेर घालविता येते. परंतु या तडीपारीची मुदत दोन वर्षांपलीकडे जाऊ शकत नाही. सोलापुरातून तडीपार झालेला मनुष्य जेथे जातो तेथेही बहुधा त्याला समजणारी भाषा बोलली जाते, आणि मुदत संपताच तो घरी परततो. परदेशी नागरिकाच्या हद्दपारीत यांपैकी कशाचीही हमी नसते. शब्द जवळचे असल्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच जातीच्या भासतात. वस्तुतः त्यांत अंतर फार मोठे आहे.

कायदा या अंतराची दखल घेत नाही, याचे एक कारण जुने आहे. १८९३ साली चिनी मजुरांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असे ठरविले, की हद्दपारी ही अपराधाची शिक्षा नव्हे. ती केवळ प्रशासकीय कृती असल्याचा हा सिद्धान्त अन्यत्रही रूढ झाला. शिक्षाच नाही म्हटल्यावर अपराध आणि शिक्षा यांच्या प्रमाणाचा प्रश्न उरत नाही, आणि एकाच अपराधासाठी दोनदा शिक्षा झाल्याची तक्रारही करता येत नाही. फ्रान्समधील सामान्य लोकांनी मात्र या प्रकाराला ‘दुहेरी शिक्षा’ असेच नाव दिले. कायद्याच्या परिभाषेपेक्षा हे लोकभाषेतील नाव वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जाते.

युरोपात या विचाराला वळण मिळाले ते स्ट्रासबर्ग येथील मानवी हक्क न्यायालयामुळे. १९५० च्या युरोपीय कराराचे आठवे कलम खाजगी व कौटुंबिक जीवनाला संरक्षण देते. त्या कलमाच्या आधारे १९९१ साली बेल्जियमविरुद्धच्या एका खटल्यात निकाल लागला. अर्जदार मोरोक्कोचा नागरिक होता. दोन वर्षांचाही नसताना तो बेल्जियममध्ये आला होता. त्याचे सर्व शिक्षण फ्रेंच भाषेत झाले होते आणि मोरोक्कोला तो केवळ दोनदा, तेही सुटीपुरता गेला होता. त्याच्यावरील बहुतेक आरोप पौगंडावस्थेतील होते. त्याला हद्दपार करून बेल्जियमने आठव्या कलमाचा भंग केला, असे न्यायालयाने ठरविले.

पुढच्याच वर्षी फ्रान्सविरुद्धचा खटला निकालात निघाला. तो अधिक बोलका आहे. तेथील अर्जदार १९५० साली फ्रान्समध्येच जन्मला होता. त्याचे आईवडील अल्जीरियाचे. आणि अल्जीरिया त्या काळी फ्रान्सचाच भाग असल्याने मूल जन्मतः फ्रेंच होते. अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर फ्रेंच नागरिकत्व टिकविण्यासाठी विशिष्ट मुदतीत जाहीर निवेदन करावयाचे होते. ते आईवडिलांनी केले नाही. त्यामुळे पोरवयातच मुलाचे नागरिकत्व गेले. पुढे त्याची गुन्हेगारी गंभीर स्वरूपाची ठरली, हे न्यायालयानेही मान्य केले. तथापि त्याचे सारे आयुष्य फ्रान्समध्ये गेले होते, त्याची पत्नी फ्रेंच होती आणि त्याला अरबी भाषा येत असल्याचे दिसत नव्हते. या साऱ्याचा विचार करून निकाल त्याच्या बाजूने लागला. न्यायमूर्ती मार्टेन्स यांनी आपल्या स्वतंत्र मतपत्रात त्याही पुढे जाऊन असे मत मांडले, की देशात पूर्णतः मिसळून गेलेल्या परकीयाला नागरिकाप्रमाणेच हद्दपारीपासून मुक्त मानले पाहिजे.

ही सूचना न्यायालयाने नियम म्हणून स्वीकारली नाही. युरोपीय परिषदेच्या मंत्रिसमितीने २००० साली सदस्यराष्ट्रांना अशी शिफारस केली होती, की जे देशात जन्मले किंवा दहा वर्षांच्या आत तेथे आले व कायदेशीरपणे राहिले, त्यांना अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर हद्दपार करू नये. परंतु शिफारस ती शिफारस. २००६ साली नेदरलँड्ससंबंधीच्या खटल्यात न्यायालयाच्या विस्तारित पीठाने, हद्दपारीपासून निरपवाद संरक्षणाचा हक्क करारातून निघत नाही, असे स्पष्ट केले. तेथील अर्जदार तुर्की नागरिक असून बाराव्या वर्षी देशात आला होता, आणि त्याच्या हातून मनुष्यवध घडला होता. चौदा न्यायाधीशांनी त्याच्याविरुद्ध मत दिले. विरोधी मत देणाऱ्या तिघांत, पुढे या न्यायालयाचे अध्यक्ष झालेले झाँ-पॉल कोस्ता हे होते.

दोनच वर्षांनी, २००८ मध्ये, ऑस्ट्रियासंबंधीच्या खटल्यात त्याच विस्तारित पीठाने एक महत्त्वाचे सूत्र दिले. ज्याने आपले सर्व किंवा बहुतांश बालपण व किशोरवय देशात कायदेशीरपणे घालविले, त्याच्या हद्दपारीसाठी अत्यंत गंभीर कारणे असली पाहिजेत, असा त्या सूत्राचा आशय आहे. या खटल्यातील भाषिक तपशील साहित्याच्या अभ्यासकांनी अवश्य ध्यानात घेण्याजोगा आहे. अर्जदार बल्गेरियाचा नागरिक. सहा वर्षांचा असताना तो ऑस्ट्रियात आला. त्याचे कुटुंब बल्गेरियातील तुर्की भाषक अल्पसंख्य समाजाचे असल्यामुळे हद्दपारीच्या वेळी त्याला बल्गेरियन बोलता येत नव्हते. बल्गेरियात तो शाळेत गेलाच नसल्याने सिरिलिक लिपीही त्याला लिहिता-वाचता येत नव्हती. म्हणजे पारपत्रावर ज्या देशाचे नाव होते, त्या देशाची भाषा त्याची मातृभाषा नव्हती आणि शिक्षणाची भाषाही नव्हती. राष्ट्र आणि भाषा यांची जी सरळ जोडी कायदा गृहीत धरतो, ती कित्येकदा किती पोकळ असते, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपुढे हा प्रश्न वेगळ्या अंगाने आला. नागरी व राजकीय हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय करारातील बाराव्या कलमात असे म्हटले आहे, की कोणालाही स्वतःच्या देशात प्रवेश करण्याच्या हक्कापासून मनमानीपणे वंचित करता येणार नाही. तेथे ‘नागरिकत्वाच्या देशात’ असे म्हटलेले नाही, ‘स्वतःच्या देशात’ असे म्हटलेले आहे. मग स्वतःचा देश कोणता? सातव्या वर्षी स्कॉटलंडहून कॅनडात आलेल्या अर्जदाराच्या बाबतीत १९९६ साली समितीच्या बहुमताने संकुचित अर्थ स्वीकारला. कॅनडाचे नागरिकत्व घेण्याचा मार्ग खुला असूनही ते त्याने घेतले नाही, तेव्हा कॅनडा त्याचा स्वतःचा देश ठरत नाही, असा तो युक्तिवाद होता. १९९९ मध्ये समितीने आपल्या सर्वसाधारण भाष्यात हा शब्दप्रयोग नागरिकत्वापेक्षा व्यापक असल्याचे म्हटले, आणि २०११ साली ऑस्ट्रेलियासंबंधीच्या प्रकरणात तो व्यापक अर्थ प्रत्यक्षात लागू केला.

तो अर्जदार स्वीडनमध्ये जन्मला होता; सत्तावीस दिवसांचा असताना तो ऑस्ट्रेलियात आला. त्याला स्वीडिश येत नव्हते. आपण ऑस्ट्रेलियन नागरिकच आहोत अशी त्याची समजूत होती. तेराव्या वर्षापासून आपण शासनाच्याच पालकत्वाखाली होतो आणि त्या काळात शासनाने आपल्या नागरिकत्वासाठी काहीही केले नाही, असे त्याचे म्हणणे होते. २००६ च्या अखेरीस त्याला स्वीडनला पाठविण्यात आले होते. त्याचे अपराध अतिशय गंभीर होते. त्यांत बलात्कारही होता. हे लपविण्याचे कारण नाही. सहानुभूतीला सहज पात्र ठरणाऱ्या मनुष्याच्या बाबतीत तत्त्व पाळणे सोपे असते. तत्त्वाची कसोटी लागते ती अशा मनुष्याच्या बाबतीत. ऑस्ट्रेलिया हाच त्याचा स्वतःचा देश आहे, असे समितीने बहुमताने सांगितले.

न्यायालये असा मार्ग काढीत असताना विधिमंडळांचे धोरण मात्र वाऱ्याबरोबर फिरत राहिले. फ्रान्समध्ये १९८१ च्या एप्रिलमध्ये लियाँ येथे दोन ख्रिस्ती धर्मोपदेशक आणि एक अल्जीरियन तरुण उपोषणाला बसले. त्याच वर्षी सत्तांतर झाले आणि ऑक्टोबरच्या कायद्याने दहा वर्षांच्या आत आलेल्यांना संरक्षण मिळाले. हे संरक्षण पुढे कमीअधिक होत गेले. चित्रपट-दिग्दर्शक बेर्त्राँ ताव्हेर्निए यांनी २००१ साली या विषयावर अनुबोधपट केला. २००३ च्या कायद्याने वयाची मर्यादा तेरा केली. आणि जानेवारी २०२४ च्या कायद्याने तेच संरक्षण पुष्कळसे ढिले करून टाकले. ऑस्ट्रेलियाने २०१४ मध्ये बारा महिने किंवा अधिक कैद झालेल्या परकीयाचा परवाना रद्द करणे अधिकाऱ्यांवर बंधनकारक केले. २०२३ च्या मंत्रिनिर्देशाने देशाशी असलेल्या संबंधांना प्रमुख स्थान दिले. पुढच्याच वर्षी, लोकक्षोभ होताच, तो निर्देश बदलण्यात आला. एकाच मनुष्याचे बालपण २०२३ मध्ये निर्णायक ठरावे आणि २०२४ मध्ये ते हलके व्हावे, हे तराजूच्या पद्धतीचे अटळ फळ आहे. वजन ठरविणारा हात बदलला, की वजनही बदलते.

ब्रिटनमधील पद्धत वेगळी, पण तितकीच शिकविणारी आहे. २००७ च्या कायद्यानुसार बारा महिने किंवा अधिक शिक्षा झालेला परकीय आपोआप हद्दपारीस पात्र ठरतो. २०१४ मध्ये त्याला अपवाद नमूद करण्यात आले. चार वर्षांहून कमी शिक्षा झालेल्याला त्यांपैकी एकाचा आधार घेता येतो. आयुष्याचा बहुतांश काळ देशात कायदेशीरपणे गेलेला असावा, मनुष्य सामाजिक व सांस्कृतिक दृष्ट्या तेथे एकरूप झालेला असावा, आणि परत पाठविल्यास त्या दुसऱ्या देशात मिसळण्यात त्याला फार मोठ्या अडचणी असाव्यात, अशा तीन अटी आहेत. यांतील दुसऱ्या अटीने एक चमत्कारिक वाद निर्माण केला. ज्याने अपराध केला तो समाजाशी एकरूप झालेलाच नाही, असे सरकारतर्फे मांडले जाऊ लागले. २०१९ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने हा युक्तिवाद जसाच्या तसा मानण्यास नकार दिला. शैशवापासून ब्रिटनमध्ये वाढलेल्या मनुष्याची सामाजिक व सांस्कृतिक घडण केवळ अपराधाने वा कैदेने पुसली जात नाही, असा त्या निकालाचा रोख आहे. तो योग्यच म्हटला पाहिजे. संस्कृती हे चांगल्या वागणुकीचे प्रशस्तिपत्र नव्हे. लंडनच्या रस्त्यावर वाढलेला चोर हा लंडनचाच चोर असतो. त्याची भाषा, त्याचे धाडस, त्याची चोरीची रीतही तेथलीच असते.

अमेरिकेत तर १९९६ च्या कायद्यानंतर अनेक अपराधांच्या बाबतीत न्यायाधीशाला बालपणाचा विचार करण्याची मुभाच उरली नाही. कंबोडियातील संहारातून वाचलेल्या निर्वासितांची मुले थायलंडच्या छावण्यांत जन्मून तान्हेपणी अमेरिकेत आली. २००२ च्या उभयराष्ट्रीय करारानंतर त्यांच्यापैकी काहींना ज्या कंबोडियात पाठविण्यात आले, तो त्यांनी कधी पाहिलाही नव्हता. दत्तक मुलांची गोष्ट याहून विचित्र आहे. २००० च्या कायद्याने परदेशातून दत्तक आलेल्या मुलांना आपोआप नागरिकत्व मिळाले खरे. परंतु २७ फेब्रुवारी २००१ रोजी ज्यांचे वय अठराच्या वर गेले होते, ते त्यातून वगळले गेले. मुंबईहून बालवयात दत्तक गेलेल्या एका स्त्रीला २००८ मध्ये मुंबईत परत पाठविण्यात आले. ज्या राज्याने तिला परक्या दांपत्याचे अपत्य म्हणून स्वीकारण्यास संमती दिली, त्याच राज्याने ती प्रौढ झाल्यावर तिला परकी ठरविले. कागदोपत्री ती ‘स्वदेशी’ परतली. या शब्दाची एवढी विटंबना क्वचितच झाली असेल.

या भूमिकेवर काही आक्षेप घेतले जातात, आणि ते दुर्लक्षणीय नाहीत. पहिला आक्षेप असा, की कोणाला देशात राहू द्यावे हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक सार्वभौम राष्ट्राला आहे. हे सामान्यतः खरे आहे. परंतु हा अधिकार प्रवेशाच्या वेळी वापरण्याचा आहे. मूल आत घेतले, त्याला पंधरा वर्षे आपल्या शाळांत शिकविले, त्याच्या मनावर आपले संस्कार केले, आणि त्या संस्कारांतून वाईट मनुष्य निपजला की तो आपला नव्हे म्हणावयाचे, ही सार्वभौमत्वाची नव्हे, जबाबदारी झटकण्याची रीत झाली. न्यूझीलंडच्या तत्कालीन पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी २०२० साली सिडनी येथे नेमका हाच आक्षेप जाहीरपणे घेतला होता: ऑस्ट्रेलियाने घडविलेली माणसे आणि ऑस्ट्रेलियाच्या समस्या न्यूझीलंडच्या दारात का आणून टाकता, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

दुसरा आक्षेप पीडितांच्या बाजूचा आहे. ज्याने अपराध सोसला, त्याला अपराधी पुन्हा आपल्याच शहरात फिरताना दिसावा काय? हे दुःख खरे आहे. परंतु अपराधी नागरिक असेल तर तो शिक्षा भोगून त्याच शहरात परततो, आणि पीडिताचे दुःख तेथेही तेवढेच असते. समाजाचे रक्षण शिक्षेच्या मुदतीने, देखरेखीने व सुधारणेने करावयाचे असते. हद्दपारीने धोका नाहीसा होत नाही, त्याचा केवळ पत्ता बदलतो. आणि नव्या पत्त्यावरील लोकांचा त्या मनुष्याच्या घडणीत काहीही वाटा नसतो.

तिसरा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो: त्याने नागरिकत्व का घेतले नाही? परंतु पाच वर्षांचे मूल अर्ज करीत नाही. अर्ज करावयाचा तो आईवडिलांनी. कधी शुल्काअभावी, कधी अज्ञानामुळे, कधी मायदेशाच्या ओढीने ते तो करीत नाहीत. फ्रान्समधील त्या मुलाचे नागरिकत्व आईवडिलांच्या मौनामुळे गेले. ऑस्ट्रेलियातील मुलाच्या बाबतीत, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, पालक स्वतः शासनच होते. आईबापांच्या विस्मरणाचा दंड अपत्याच्या माथी मारणे कोणत्याही सुधारलेल्या दंडनीतीत बसत नाही. वयाची रेघ दहावर ओढावी की तेरावर, याबद्दल मतभेद संभवतात. मतदानाच्या वयाबद्दलही ते होते आणि आहेत; म्हणून रेघच ओढू नये असे कोणी म्हणत नाही. पौगंडावस्थेच्या आधी जे मूल नव्या भाषेत पडते, ते बहुधा तेथल्याच मुलांसारखे बोलू लागते. रेघ कोठे असावी याचे निदान एक गमक भाषेनेच दिलेले आहे.

जन्म आणि संगोपन यांच्या या द्वंद्वाचा निवाडा भारतीय वाङ्मयाने फार पूर्वी केलेला आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला त्याच्या जन्माचे रहस्य सांगतो आणि पांडवांच्या पक्षाला येण्याचे आवाहन करतो. कर्ण जन्म नाकारीत नाही. परंतु अधिरथाने आपले जातकर्म केले, राधेला आपल्यावरील मायेने पान्हा फुटला, आपले विवाहसंबंध व संसार सूतकुळातच झाले, याची तो आठवण देतो. आणि राज्याचे आमिष बाजूला सारून ज्यांनी वाढविले त्यांच्याशी एकनिष्ठ राहतो. त्याच्या पक्षाची नीती सदोष होती व तो स्वतःही निर्दोष नव्हता, हे व्यासांनी लपविलेले नाही. तरीही कर्ण राधेय आहे, हे म्हणणे श्रोत्यांना कधी अमान्य झालेले नाही. मनुष्य कोणाचा, हे त्याच्या पुण्याईवरून ठरत नाही, एवढी समज त्या कथेत आहे.

हा विचार परक्या देशांच्या कायद्यापुरता ठेवून चालणार नाही. १९५५ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने, परकीयांना देशाबाहेर घालविण्याचा केंद्र सरकारचा अधिकार १९४६ च्या कायद्याखाली निरंकुश असल्याचे म्हटले. त्या कायद्याची जागा आता २०२५ च्या इमिग्रेशन व परकीयविषयक कायद्याने घेतली आहे. परंतु बालपणीच्या वास्तव्याला त्यातही स्वतंत्र स्थान नाही. १ जुलै १९८७ पासून केवळ भारतात जन्मल्याने नागरिकत्व मिळत नाही, आणि डिसेंबर २००४ पासून अटी आणखी कडक झाल्या. तमिळनाडूत वाढलेली श्रीलंकेतील निर्वासितांची मुले आहेत, कर्नाटकात बायलकुप्पे येथे कन्नड कानावर घेत वाढलेली तिबेटी मुले आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याच्या हातून उद्या अपराध घडला, तर त्याचे बालपण येथे गेले ही गोष्ट अधिकाऱ्याच्या सौजन्यावर अवलंबून राहील. भारतीय भाषांच्या अभ्यासाला वाहिलेल्या विद्यापीठांतून मातृभाषेचे माहात्म्य वारंवार सांगितले जाते. बालपणाची भाषा मनुष्याचा स्वभाव घडविते, हे तत्त्व जर खरे असेल, तर ते केवळ कवींच्या चरित्रापुरते खरे असू शकत नाही. चोराच्या आणि मारेकऱ्याच्या बाबतीतही ते तितकेच खरे मानावे लागेल. ते मान्य करून त्याला कायद्याच्या भाषेत रूप देणे, आणि हे रूप कोणत्याही मंत्रिनिर्देशाने बदलता येणार नाही इतके पक्के करणे, हे विधिज्ञांचे काम आहे. ते तत्त्व त्यांच्यापुढे सप्रमाण ठेवण्याचे काम मात्र भाषा आणि साहित्य यांच्या अभ्यासकांनाच करावे लागेल.